विश्लेषण : ट्रॅक्टर नवा घ्यावा की जुना? यवतमाळच्या शेतकऱ्याचा हिशेब कुठे चुकतो?

कापसाचे चुकारे आणि सोयाबीनचे पैसे हाती आले, की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या ओट्यांवर एक विषय हमखास निघतो. यंदा ट्रॅक्टर घ्यायचाच. बैलजोडी सांभाळायला माणूस मिळत नाही, भाड्याचा ट्रॅक्टर ऐन वेळी येत नाही आणि शोरूमवाल्याचे फोन तर सुरूच असतात. मग घरात दोन तट पडतात. मुलाला नवा हवा असतो, वडिलांना वाटते की ओळखीतला जुना पाहावा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते, पण चर्चा बहुतेक वेळा किमतीवरच अडकते. आणि ट्रॅक्टरच्या व्यवहारात माणूस बुडतो तो किमतीमुळे कमी, इतर गोष्टींमुळे जास्त.

जीएसटी कमी झाल्याने काय बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि काही सुटे भाग यांच्यावरचा करही १८ वरून ५ टक्के झाला. मूळ किंमत साडेसहा लाख धरली, तर पूर्वी ७८ हजार रुपये कर लागायचा, आता ३२ हजार ५०० लागतो. म्हणजे साधारण ४५ हजारांची बचत.

याचा परिणाम जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारावरही होतो, ही गोष्ट मात्र विकणारे सांगत नाहीत. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भावही उतरायला हवा. कुणी दोन-तीन वर्षे वापरलेला ट्रॅक्टर त्याने स्वतः भरलेल्या किमतीवरून हिशेब करून विकत असेल, तर त्याला आजची नव्याची ‘ऑन रोड’ किंमत दाखवावी आणि तिथून खाली मोजायला सुरुवात करावी.

नव्याला दुसरा आधार अनुदानाचा. महाडीबीटी पोर्टलवरून कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरसाठी अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना ५० टक्के किंवा कमाल सव्वा लाख, तर इतरांना ४० टक्के किंवा कमाल एक लाख रुपये मिळतात. ‘पन्नास टक्के’ या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते. साडेसात लाखांच्या ट्रॅक्टरला पावणेचार लाख मिळत नाहीत, सव्वा लाखच मिळतात. तेही पूर्वसंमती मिळाल्यानंतर खरेदी केली तर आणि खरेदीनंतर खात्यात. आधी ट्रॅक्टर आणला आणि मग अर्ज केला, तर तो पैसा गेला. जुन्या ट्रॅक्टरला अनुदान नाही. सातबारा पत्नीच्या नावे असेल तर अर्ज तिच्या नावाने करण्याचा विचार जरूर करावा.

वर्षाला तास किती, हा प्रश्न आधी का?

मोटरसायकल किलोमीटरवर मोजतात, ट्रॅक्टर तासांवर. म्हणून नवा की जुना हे ठरवण्याआधी एका कागदावर लिहावे, की आपल्या वावरात वर्षभरात ट्रॅक्टर किती तास चालेल.

दहा एकर कोरडवाहू जमीन धरू. कापूस, सोयाबीन, तूर. उन्हाळ्यात नांगरणी, नंतर वखरणी, रोटाव्हेटर, मृगानंतर पेरणी, पीक निघाल्यावर पुन्हा एक पाळी. सगळे मिळून एकरी सहा तास धरले, तरी दहा एकराला वर्षाला ६० तास होतात. बाकीचे अकरा महिने ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा. राज्यातले सरासरी जमीनधारण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. तिथे तर वीस तासही भरत नाहीत.

आता नव्याचा हप्ता पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापल्या भागातले दर घालून ते बदलून पाहावेत. किंमत साडेसात लाख, हातचे दीड लाख, कर्ज सहा लाख. व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षे, सहामाही हप्ता. एक हप्ता साधारण ८१ हजार ५०० रुपयांचा बसतो. वर्षाला एक लाख ६३ हजार. पाच वर्षांत नुसते व्याज सव्वादोन लाखांच्या जवळ जाते.

हा हप्ता भाड्याच्या कामातून काढायचा म्हटला, तर तासाला एक हजार रुपये भाडे धरू. त्यातून डिझेलचे साडेचारशे, चालकाचे शंभर, ऑइल-फिल्टर-टायरची झीज यांचे शंभर वजा केले की हातात साडेतीनशे उरतात. एक लाख ६३ हजारांना साडेतीनशेने भागा. उत्तर येते ४६५ तास. रोज आठ तास म्हटले तरी ५८ दिवस दुसऱ्यांच्या वावरात. तेही रोख भाड्यावर. प्रत्यक्षात गावात भाडे उधारीवर असते आणि ते ‘कापूस विकला की देतो’ या बोलीवर थांबते. बँकेचा हप्ता मात्र कापूस विकण्याची वाट पाहत नाही.

जुन्याचा हिशेब? सव्वातीन लाखांचा ट्रॅक्टर, हातचे सव्वा लाख, कर्ज दोन लाख. जुन्या वाहनाला व्याज जास्त लागते. १६ टक्के आणि तीन वर्षे धरली, तर सहामाही हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. दुरुस्तीचा खर्च वाढल्याने तासाला उरतात अडीचशे. म्हणजे इथेही साडेतीनशेच्या आसपास तास भाड्याचे काम लागतेच. किंमत निम्म्याहून कमी, पण तास निम्मे झाले नाहीत. कर्ज काढून घेतलेला जुना ट्रॅक्टर म्हणूनच दिसतो तितका स्वस्त नसतो.

जुन्याचा खरा फायदा तो रोखीने घेतला तर आहे. पावसाने ओढ दिली, काम मिळाले नाही, ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला, तरी तो हप्ता मागत नाही. आमच्या मते पंधरा-वीस एकरवाल्याने, घरात चालवणारा माणूस असेल तर, हाच मार्ग आधी तपासावा. ज्याचा धंदाच भाड्याने नांगरणी-पेरणी-मळणीचा आहे आणि पाचशे तास नक्की आहेत, त्याने नवा घ्यावा. ऐन हंगामात आठ दिवस गॅरेजमध्ये पडलेला जुना ट्रॅक्टर त्याला परवडत नाही. आणि पाच-सात एकरवाल्याने नवाही घेऊ नये, जुनाही.

मग लहान शेतकरीही ट्रॅक्टर का घेतो?

कारण वाफसा. पहिला चांगला पाऊस पडतो, काळ्या जमिनीत चार-पाच दिवस पेरणीजोगी ओल असते आणि त्याच चार दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या वावरात जातो. दोन एकरवाल्याचा नंबर येईपर्यंत पुन्हा पाऊस लागतो किंवा ओल उडून जाते. दुबार पेरणीचा अनुभव असलेल्या माणसाला ‘भाडे स्वस्त पडते’ हा हिशेब सांगून उपयोग नसतो. त्याला भाड्याची चिंता नाही, वेळेची आहे. दारात ट्रॅक्टर उभा असला की मुलाच्या सोयरिकीतही फरक पडतो, हेही खोटे नाही.

वेळेचा प्रश्न मात्र चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सोडवता येतो. यवतमाळ जिल्हा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, म्हणजे पोकराच्या, पहिल्या टप्प्यापासून आहे आणि त्यात शेतकरी गट व कंपन्यांच्या अवजार बँकांना मदत मिळाली. आपल्या किंवा शेजारच्या गावात अशी बँक आहे का, हे कृषी सहायकाला विचारावे. भावाभावांनी मिळून ट्रॅक्टर घेण्याची पद्धतही आहे. त्यात आरसी कुणाच्या नावे, डिझेल कुणाचे आणि पेरणीचा क्रम काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टरची ९० टक्के अनुदानाची वेगळी योजना आहे. त्यात साडेतीन लाखांपर्यंतच्या मिनी ट्रॅक्टर व उपसाधनांना कमाल तीन लाख १५ हजार रुपये मिळतात.

जुन्या ट्रॅक्टरचे लोखंड काय सांगते?

बघायला जाताना फोन करून जाऊ नये. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन गरम असेल तर ते आधीच चालू करून ठेवले आहे, असे समजावे आणि थंड होईपर्यंत चहा प्यावा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठले पाहिजे. सुरू होताना थोडा काळा धूर चालतो. निळसर धूर येतच राहिला, तर ऑइल जळते आहे. रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधासारखे ऑइल दिसले, तर तिथूनच परत फिरावे.

मीटरवरच्या तासांवर फार विसंबू नये. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये तास हा घड्याळाचा नसतो, तो इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांशी बांधलेला असतो; कमी फेऱ्यांवर चाललेला ट्रॅक्टर मीटरवर कमी तास दाखवतो. शिवाय केबल तुटलेली असू शकते. मीटरपेक्षा क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या, स्टिअरिंगचा खेळ आणि पुढच्या चाकांची हालचाल जास्त खरे बोलतात.

तासांइतकेच महत्त्व कामाला. दोन हजार तास कापसाच्या वावरात वखरणी केलेला ट्रॅक्टर आणि दोन हजार तास भरलेल्या ट्रॉल्या ओढलेला ट्रॅक्टर, हे मीटरवर सारखे दिसतात. ऊस, विटा, रेती, गिट्टी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच, गिअरबॉक्स आणि पुढचा भाग लवकर थकतो. पुसद, उमरखेड, महागावकडच्या ऊसपट्ट्यातून किंवा वीटभट्टीवरून आलेला ट्रॅक्टर घेऊच नये असे नाही, पण त्याचा भाव त्या हिशेबाने लावावा. मागच्या हुकाचे भोक घासून अंड्यासारखे लांबट झाले असेल, तर मालक काहीही सांगो, ट्रॅक्टरने ट्रॉली भरपूर ओढली आहे.

हायड्रॉलिक तपासण्याची सोपी रीत आहे. नांगर किंवा रोटाव्हेटर लावून पूर्ण उचलावा, इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. अवजार भराभर खाली येत असेल तर आत काम निघणार. शेवटी वावरात नेऊन काळ्या जमिनीत निदान अर्धा तास चालवून पाहावे. रस्त्यावर सगळेच ट्रॅक्टर चांगले पळतात. मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

५० अश्वशक्तीवरचा ट्रॅक्टर असेल तर उत्पादनाचे वर्ष पाहावे. १ जानेवारी २०२३ पासून या गटाला ‘ट्रेम ४’ हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. त्यामुळे अनेक नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडले जाते. ती इंजिने चांगली आहेत, पण गावच्या मिस्त्रीच्या पान्याने सुटणारी नाहीत. याच कारणाने त्याआधीच्या साध्या पंपाच्या मोठ्या ट्रॅक्टरला अजून मागणी आहे.

कागदपत्रांत काय अडकू शकते?

इंजिन बिघडले तर पैसे घालून दुरुस्त होते. कागद बिघडला तर ट्रॅक्टर दारात असूनही आपला नसतो.

पहिले काम मोबाइलवर होते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. मग आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवावा. नंबरावर रंगाचा जाड थर असेल तर तो खरडून पाहायला संकोच करू नये.

आरसीवर बँक किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल, तर ‘कर्ज फिटले आहे’ हे तोंडी ऐकून चालत नाही. कंपनीचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. तो आरटीओत जाऊन बोजा उतरला, तरच ट्रॅक्टर मोकळा. हप्ते थकलेला ट्रॅक्टर ‘उरलेले हप्ते तुम्ही भरा’ या बोलीवर घेणे हा जिल्ह्यातला नेहमीचा आणि सर्वांत धोक्याचा व्यवहार आहे. हप्ते आपण भरतो, नाव दुसऱ्याचे राहते आणि त्याचे दुसरे एखादे कर्ज थकले की वाद आपल्या दारात येतो.

फायनान्स कंपन्यांनी ओढून नेलेले ट्रॅक्टर यार्डात लिलावाने विकले जातात. भाव कमी असतो, पण ते ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर असतात. अशा वेळी फॉर्म ३६ भरून आरसी कंपनीच्या नावे झाली आहे का, हे विचारावे. मूळ शेतकऱ्याची सही मिळेल या भरवशावर पैसे भरू नयेत. ज्याचा ट्रॅक्टर ओढून नेला, तो सही करायला आनंदाने येईल, अशी अपेक्षाच चुकीची.

पैनगंगेपलीकडून, आदिलाबादकडून येणारे ट्रॅक्टर झरी-जामणी, केळापूर, वणी भागात सहज दिसतात. नंबरप्लेटवर एपी, टीएस किंवा टीजी असेल, तर तिथल्या आरटीओचे फॉर्म २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. त्यानंतर यवतमाळला नोंदणी होऊन एमएच २९ चा नंबर पडतो. हा खर्च आणि हेलपाटे धरूनच भाव ठरवावा. ट्रॅक्टर १ एप्रिल २०१९ पूर्वीचा असेल, तर राज्यात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बंधनकारक आहे आणि ती नसेल तर नाव बदलण्यासारखी आरटीओची कामे अडतात. पंधरा वर्षे झालेल्या ट्रॅक्टरच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हेही पाहावे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती अनेकांकडे नसतेच.

आणखी एक चौकशी तहसील कार्यालयात. अवैध रेती वाहतुकीत पकडलेला ट्रॅक्टर महसूल विभाग जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली जप्त करतो, दंड आणि बंधपत्रावर सोडतो. पैनगंगा, वर्धा नदीकाठच्या गावातला ट्रॅक्टर असेल, तर त्यावर असे काही प्रकरण बाकी नाही ना, हे विचारून घ्यावे. अनुदानावर घेतलेला असेल, तर विक्रीबाबतची अट काय होती, हे कृषी कार्यालयात कळते.

कर्ज कुठून घ्यावे?

बँकेचे व्याज कमी, पण बँक बहुधा जमीन तारण मागते आणि सातबारावर बोजा चढतो. फायनान्स कंपनी दोन दिवसांत ट्रॅक्टर दारात उभा करते, तारण ट्रॅक्टरच असतो, व्याज जास्त. हप्ता थकला तर एकीकडे जमीन अडकते, दुसरीकडे ट्रॅक्टर जातो. कोणते नुकसान सोसेल, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

कर्जमाफीत ट्रॅक्टरचे कर्जही निघेल, अशी आशा काही जण धरून बसतात. २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंतच्या पीक कर्जासाठी होती, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी नव्हती. उलट ट्रॅक्टरचा हप्ता थकल्याने खाते बिघडले, की पुढच्या हंगामाचे पीक कर्ज मिळणेही अवघड होते.

विकणाऱ्याने काय जपावे?

नवा घेताना जुना एक्स्चेंजमध्ये देणारे किंवा गावातच विकणारे अनेक जण फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून पैसे मोजून घरी येतात. घेणारा तो तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला आणि आरसीवर नाव पहिल्याचेच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हेच स्पष्ट केले. वाहनाचे अनेक हात बदलले होते, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मालकावरच आली.

घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यायचा असतो. आणि विमा असला तरी मडगार्डवर बसवून नेलेल्या माणसांना तो बहुधा लागू होत नाही. पेरणीच्या दिवसांत मजूर असेच नेले जातात. पूर्ण रक्कम देण्याआधी आरटीओत अर्ज दाखल झाल्याची पावती हातात घ्यावी आणि थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवावी. विकणारा ओळखीचा असला, नात्यातला असला, तरीही.